शंभरीच्या उंबरठ्यावर महाडची आग आणि कलम २९५-अ

बंगळूरच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर येलहंका हे जुने गाव आहे. सोळाव्या शतकात बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे याच येलहंका नाडाचे प्रभू. आज तेथे हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेची चाके घडविणारा कारखाना आहे आणि निमलष्करी दलांची केंद्रे आहेत. केंद्र सरकारच्या सेवेतील मराठी कुटुंबांना हे नाव बदलीच्या आदेशामुळे परिचित असते. गेल्या दोन-अडीच दशकांत संगणक उद्योगामागून आलेल्या मराठी तरुणांनीही या उपनगरात घरे केली. येथील एका मोठ्या रस्त्याला मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे नाव आहे. मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी, नोव्हेंबर २००८ मध्ये, ताजमहाल हॉटेलात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्याच रस्त्यावरील उड्डाणपुलाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव देण्यात आले असून, ८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

या पुलाच्या नावावरून कर्नाटकात त्या वेळीही वाद झाला होता. पुढे २८ मे २०२४ रोजी, सावरकर जयंतीच्या दिवशी, काँग्रेसप्रणीत विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पुलावरील नामफलकाला काळे फासले. पोलिसांनी संबंधितांवर कारवाई केली. घटना लहान होती आणि दुसऱ्या दिवशी वाहतूक नेहमीप्रमाणे सुरू राहिली. परंतु ती पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात एक अवघड प्रश्न निर्माण होणे स्वाभाविक आहे. आपल्याला वंदनीय असलेल्या नावाला कुणी काळे फासले तर ती विटंबना ठरते. मग आपण एखाद्या ग्रंथाला, ध्वजाला वा प्रतिमेला आग लावतो तेव्हा तो निषेध कसा ठरतो? ज्यांचे नाव त्या फलकावर होते त्या सावरकरांनीच १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी केली होती, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

हा प्रश्न येत्या काळात अधिक टोकदार होणार आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये भारतीय दंडसंहितेत कलम २९५-अ घालण्यात आले. म्हणजे धर्मग्रंथ जाळून निषेध करण्याची आपल्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत गाजलेली घटना आणि धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा ठरविणारा सर्वांत गाजलेला कायदा, या दोघांची शंभरी २०२७ या एकाच वर्षी भरते. त्या वेळी महाडच्या कृतीचे स्मरण देशभर होईल, बंगळुरातही होईल. त्या दिवशी बंदोबस्ताला असणाऱ्या अधिकाऱ्याने काय करावे, याचे उत्तर आजच्या कायद्यात जेवढे स्पष्ट असावयास हवे तेवढे ते नाही.

एका वर्षाच्या दोन बाजू

दोन्ही घटनांची पार्श्वभूमी अगदी भिन्न होती. लाहोरमध्ये १९२४ मध्ये ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. प्रेषित महंमदांच्या खासगी जीवनावर तीत हीन पातळीवरील टीका होती. प्रकाशक राजपाल यांच्यावर दोन समाजांत वैर पसरविल्याचा खटला चालला. परंतु मृत व्यक्तीवरील टीका म्हणजे समाजांतील वैर नव्हे, असे मत देऊन लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंह यांनी १९२७ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्यातून पंजाबात मोठा क्षोभ उसळला आणि कायद्यातील ही फट बुजविण्यासाठी सरकारने २९५-अ आणले. राजपाल यांचा एप्रिल १९२९ मध्ये खून झाला. कायदा झाल्याने क्षोभ शमत नाही, हे त्याच वेळी दिसून आले होते. विधेयकावरील चर्चेत महंमद अली जिना यांनी धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना या कायद्याचा त्रास होऊ नये, अशी चिंता व्यक्त केली होती. म्हणूनच कलमात ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द आले.

महाडचे चित्र वेगळे होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरमधील सत्याग्रहाच्या आधी विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. परिषदेसाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण होते, पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. त्यानंतर मंडपासमोर तयार केलेल्या वेदीत ग्रंथाचे दहन झाले. जिल्हाधिकाऱ्यांनी येऊन विनंती केली, न्यायालयाचा मान राखण्याचा निर्णय झाला आणि तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम स्थगित करण्यात आला. ज्या परिषदेने धर्मग्रंथ जाळला, तिनेच न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला नाही, हा तपशील सहसा सांगितला जात नाही. चवदार तळ्याचा दावा पुढे जवळपास दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

या दहनावर टीका झाली तेव्हा बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून तिला उत्तर दिले. परदेशी कापडाची होळी करणारे ज्या कारणाने कापड जाळतात, त्याच कारणाने आपण हा ग्रंथ जाळला, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. जाळले ते कागदाचे पुस्तक नव्हते, तर त्या पुस्तकाच्या नावाने माणसावर लादलेली सत्ता होती. विशेष म्हणजे त्या सत्तेचा भार ज्यांच्या डोक्यावर होता, तेच तेथे आग लावीत होते.

जाळणारा कोण आणि जळणारे काय

मराठी माणसाच्या स्मृतीत ग्रंथनाशाची दुसरी परंपराही आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविण्यात आली, ही कथा महाराष्ट्रात प्रत्येक घरात सांगितली जाते. तेथे शास्त्राधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी एका वाण्याच्या वाणीला बुडविले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाला संस्थेतील अभ्यासकांनी साह्य केले, एवढाच संस्थेचा अपराध. त्या वेळी दुर्मीळ पोथ्या व पुस्तके यांची नासधूस झाली. बाजारात मिळणारी स्वतःची प्रत जाळणे आणि दुसऱ्याच्या कपाटातील एकमेव हस्तलिखित फाडणे, या दोन्ही गोष्टींना ‘ग्रंथाचा अवमान’ एवढ्या एकाच नावाने ओळखणे योग्य नाही. पहिल्यात मत व्यक्त होते, दुसऱ्यात मालमत्तेचा व ज्ञानाचा विध्वंस होतो.

दुर्बळाने सबळाविरुद्ध जाळले तर निषेध आणि सबळाने दुर्बळाविरुद्ध जाळले तर दहशत, असा एक सोपा निकष यावर सुचविला जातो. नैतिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. परंतु कायद्याला तो फार काळ वापरता येत नाही, कारण सबळ कोण आणि दुर्बळ कोण हे गावागणिक बदलते. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा समावेश असलेला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वाद पेटला. १९८८ च्या आरंभी अमरावतीत त्या खंडाची प्रत जाळण्यात आली. महाडला आग लावणाऱ्याचाच ग्रंथ साठ वर्षांनी आगीत गेला. दलित संघटनांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला आणि अखेर ‘या मताशी शासन सहमत असेलच असे नाही’ अशा आशयाची टीप घालून परिशिष्ट कायम राहिले. ज्यांनी त्या वेळी प्रत जाळली त्यांनाही आपण दुखावलेल्या समाजाच्या वतीनेच बोलत आहोत, असे वाटत होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पुरते ऐकले पाहिजे. शीख बांधवांच्या दृष्टीने गुरू ग्रंथसाहिब हे पुस्तक नसून साक्षात गुरू आहेत. त्यांची सेवा जिवंत व्यक्तीप्रमाणे केली जाते. मुस्लिमांना कुराण हे ईश्वराचे प्रत्यक्ष वचन वाटते. वारकऱ्याच्या घरी ज्ञानेश्वरीला पाय लागला तर तो नमस्कार करतो. अशा श्रद्धावंताला ‘कागदच तर जळला’ असे सांगणे म्हणजे त्याच्या श्रद्धेचा अर्थच न समजणे होय. पंजाबात २०१५ मध्ये बरगाडी येथे ग्रंथसाहिबची विटंबना झाली, तेव्हा तेथील राजकारण अनेक वर्षे त्या एका घटनेभोवती फिरले. २०१८ मध्ये पंजाब विधानसभेने ग्रंथसाहिब, गीता, कुराण व बायबल यांच्या विटंबनेस जन्मठेपेची तरतूद करणारे विधेयक संमत केले. दुखावलेल्या भावना खऱ्या असतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या रक्षणासाठी राज्याने तुरुंगाचे दार किती उघडावे, एवढाच प्रश्न आहे.

न्यायालयांची वाट

घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची कारणेही सांगितली. त्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता व नीतिमत्ता आहे. ‘धार्मिक भावना’ हे शब्द मात्र नाहीत. म्हणून २९५-अ टिकणार कसे, असा प्रश्न १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयाने कलम वैध ठरविले. पण धर्माचा प्रत्येक अवमान हा गुन्हा नसून, जाणीवपूर्वक व दुष्ट हेतूने केलेला, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडविण्याकडे कल असलेला तीव्र स्वरूपाचा अवमान तेवढा दंडनीय आहे, अशी मर्यादाही घातली.

पुढच्याच वर्षी दक्षिणेतील एक प्रकरण आले. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी १९५३ मध्ये तिरुचिरापल्लीत गणपतीची मातीची मूर्ती जाहीर सभेत फोडली होती. ती मूर्ती प्राणप्रतिष्ठा केलेली नव्हती, सबब ती ‘पवित्र वस्तू’ नव्हे, असे खालच्या न्यायालयांचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ज्या वस्तूला लोकांचा एखादा वर्ग पवित्र मानतो ती कलम २९५ च्या कक्षेत येते, मग ती कितीही क्षुल्लक असो, असे सांगताना न्यायालयाने बायबल, कुराण व ग्रंथसाहिब यांचा उल्लेख केला. प्रकरण जुने झाल्याने पेरियारांवर पुढे कारवाई झाली नाही, पण तत्त्व राहिले. धर्मग्रंथ स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता, एवढा बचाव या तत्त्वापुढे पुरत नाही. अवमानाचा हेतू होता की नाही, हेच पाहावे लागते.

दुसऱ्या बाजूला न्यायालयांनी स्वातंत्र्याची कक्षाही वाढविली. १९६० च्या राममनोहर लोहिया खटल्यात बोलणे आणि अव्यवस्था यांत निकटचा संबंध हवा, दूरचा व काल्पनिक नको, असे ठरले. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या संदर्भात, एस. रंगराजन खटल्यात, हिंसाचाराच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येणार नाही आणि सुव्यवस्था राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. महेंद्रसिंग धोनी यांना एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखविल्यावरून बंगळूर व अनंतपूर येथे दाखल झालेल्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. अनवधानाने वा निष्काळजीपणाने झालेला अवमान २९५-अ खाली येत नाही, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

परंतु याच न्यायालयाने २००७ मध्ये कर्नाटकातील एका कादंबरीच्या बाबतीत वेगळा कौल दिला. पी. व्ही. नारायण यांच्या ‘धर्मकारण’ या कन्नड कादंबरीवर बसवेश्वरांच्या कुटुंबाविषयीच्या मजकुरावरून राज्य शासनाने जप्ती आणली होती. बरगुरू रामचंद्रप्पा यांनी तिला दिलेले आव्हान फेटाळण्यात आले. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, जेम्स लेन यांच्या पुस्तकावरील महाराष्ट्र शासनाची बंदी मात्र टिकली नाही. शेजारच्या दोन राज्यांतील दोन पुस्तकांना मिळालेले हे दोन न्याय पाहिले की कायद्याचा अंदाज बांधणे सामान्य नागरिकाला किती कठीण आहे, हे कळते.

अलीकडची दिशा

गेल्या काही वर्षांत कारवाईचा कल कठोरतेकडे झुकला आहे. जानेवारी २०२३ मध्ये लखनौत रामचरितमानसातील काही ओळींच्या निषेधार्थ त्या पानांच्या छायाप्रती जाळण्यात आल्या. त्यात दोघांवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्यात आला. २५ डिसेंबर २०२४ रोजी बनारस हिंदू विद्यापीठात मनुस्मृतीवरील कार्यक्रमावरून १३ विद्यार्थ्यांना अटक होऊन तुरुंगात राहावे लागले. दूरचित्रवाणीवरील चर्चेत मनुस्मृतीची पाने फाडणाऱ्या एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्यांवरील गुन्हा रद्द करण्यास अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नकार दिला. हे मत सर्वत्र मान्य झाले तर महाडची कृती आज प्रथमदर्शनी गुन्हा ठरू शकेल. जी घटना शालेय पाठ्यपुस्तकांत सामाजिक क्रांती म्हणून शिकविली जाते, तिचे अनुकरण करणाऱ्याला मात्र कोठडी, ही विसंगती राज्याला फार काळ सांभाळता येणार नाही.

दहनाच्या राजकारणात निषेधाचा हेतू कसा हरवतो, याचेही उदाहरण महाडनेच दिले. २९ मे २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे नेते जितेंद्र आव्हाड यांनी शालेय अभ्यासक्रमात मनुस्मृतीतील श्लोक आणण्याच्या प्रस्तावाविरुद्ध तेथे आंदोलन केले. त्या ओघात फाडल्या गेलेल्या पत्रकावर बाबासाहेबांचेच छायाचित्र होते. आव्हाडांना जाहीर माफी मागावी लागली. अभ्यासक्रमाचा मूळ प्रश्न दोन दिवसांत बाजूला पडला आणि चर्चा छायाचित्राभोवती फिरली.

राज्यसंस्थेनेही आपल्या पवित्र वस्तूंसाठी वेगळा न्याय ठेवला आहे. नोव्हेंबर १९५७ मध्ये पेरियारांच्या अनुयायांनी जातिव्यवस्थेच्या निषेधार्थ राज्यघटनेच्या प्रती जाळल्या. त्यासाठी मद्रास राज्याने आधीच खास कायदा केला होता. आज १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यानुसार जाहीररीत्या राष्ट्रध्वज वा घटना जाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत, संसदेपासून हाकेच्या अंतरावर जंतरमंतरला, घटनेची प्रत जाळण्यात आली तेव्हा याच कायद्याची आठवण सर्वांना झाली. प्रसंगी ही घटना जाळणारा मी पहिला असेन, असे १९५३ मध्ये राज्यसभेत उद्वेगाने म्हणणारे तिचे शिल्पकारच होते, हा इतिहासाचा आणखी एक पेच.

परदेशांचे अनुभव

पूर्ण स्वातंत्र्याचा मार्ग पत्करणाऱ्या देशांनाही तो सोपा गेलेला नाही. स्वीडनमध्ये २०२३ मध्ये पोलिसांनी कुराण जाळण्याच्या कार्यक्रमांना परवानगी नाकारली, तेव्हा न्यायालयांनी पोलिसांचा निर्णय फिरविला. २८ जून २०२३ रोजी, बकरी ईदच्या दिवशी, सलवान मोमिका या इराकी निर्वासिताने स्टॉकहोमच्या मशिदीबाहेर कुराण जाळले. बगदादमधील स्वीडिश दूतावासावर हल्ले झाले आणि नाटोच्या सदस्यत्वासाठी तुर्कस्तानची मनधरणी करणाऱ्या स्वीडनची कोंडी झाली. जानेवारी २०२५ मध्ये मोमिकाची गोळ्या घालून हत्या झाली. डेन्मार्कने २०१७ मध्ये ईशनिंदेचा जुना कायदा रद्द केला होता. त्याच देशाने डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा कायदा ९४ विरुद्ध ७७ मतांनी केला. लंडनमध्ये तुर्की वकिलातीबाहेर कुराण जाळणाऱ्या हमित कोस्कुन यांना जून २०२५ मध्ये दंड झाला आणि ऑक्टोबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. तीन लोकशाही देश आणि तीन उत्तरे. मशिदीच्या दारात, सणाच्या दिवशी, प्रार्थनेला आलेल्या लोकांसमोर केलेली कृती आणि एखाद्या सरकारच्या कचेरीसमोर केलेली कृती यांत फरक आहे का, हा प्रश्न या सर्व चर्चेत वारंवार आला. भारतातही तोच प्रश्न उपयोगी पडण्यासारखा आहे.

बंगळूरचा धडा

बंगळूरने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. डिसेंबर १९८६ मध्ये एका इंग्रजी दैनिकातील अनुवादित कथेच्या शीर्षकावरून दंगल उसळून दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ११ ऑगस्ट २०२० च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून डी. जे. हळ्ळी व के. जी. हळ्ळी भागात जमावाने आमदाराचे घर व पोलीस ठाणी यांना आग लावली. पोलीस गोळीबारात तिघांचा बळी गेला. याच राज्यात ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरात गौरी लंकेश यांच्या हत्या झाल्या. महाराष्ट्राने त्याआधी नरेंद्र दाभोलकर आणि गोविंद पानसरे यांना गमावले होते. यांपैकी कुणाच्याही हातात काडेपेटी नव्हती, लेखणी होती. दुखावलेल्या भावनेला मोकळे रान मिळाले की ती जाळणारा आणि लिहिणारा यांत फरक करीत नाही.

बंगळूरच्या मराठी रहिवाशांना याहून जवळचा अनुभव डिसेंबर २०२१ मध्ये आला. बेळगावात १३ डिसेंबर रोजी महाराष्ट्र एकीकरण समितीचे नेते दीपक दळवी यांच्यावर शाई फेकण्यात आली. त्याचा निषेध म्हणून कोल्हापुरात लाल-पिवळा कन्नड ध्वज जाळण्यात आला. त्याची प्रतिक्रिया बंगळूरच्या सदाशिवनगरात उमटली; तेथील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतण्यात आली. लगोलग बेळगावात क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. पाच-सहा दिवसांत चार अवमान. लाल-पिवळ्या ध्वजाला कायदेशीर मान्यता नाही, असे कोल्हापुरात सांगितले गेले. पण सामान्य कन्नड माणसाच्या भावनेला केंद्र सरकारच्या मान्यतेची गरज नव्हती. आणि ज्या शहरात १६३८ पासून शहाजीराजांची जहागीर होती, तेथे शिवरायांच्या पुतळ्याची अशी अवहेलना व्हावी याचे शल्य मराठी माणसाला बोचत राहिले. कोल्हापुरात ध्वज जाळणारे रात्री आपल्या घरी सुखरूप झोपले. महाराष्ट्राचे वाहन क्रमांक असलेल्या गाड्या घेऊन बंगळूरच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांना मात्र काही दिवस जपून राहावे लागले.

ग्रंथदहनाच्या प्रश्नावर विचार करताना ही बाब केंद्रस्थानी असली पाहिजे. महाडमध्ये ज्यांनी आग लावली त्यांनीच तिचे परिणाम सोसण्याची तयारी ठेवली होती. आजच्या बहुतेक दहनांत आग एक लावतो आणि तिची झळ दूरच्या शहरातील, त्या कृतीशी संबंध नसलेल्या दुसऱ्यालाच लागते. कायद्याने हक्क असणे आणि तो हक्क अशा रीतीने वापरणे शहाणपणाचे असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अधिकाऱ्यापुढील प्रश्न

मग बंदोबस्ताच्या दिवशी अधिकाऱ्याने काय करावे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि २९५ व २९५-अ यांची जागा अनुक्रमे कलम २९८ व २९९ ने घेतली. शब्दांत मोठा बदल नाही, पण कार्यपद्धतीत दोन पायऱ्या आहेत. कलम २९९ खालील खटल्याची दखल न्यायालयाला केंद्र वा राज्य सरकारच्या पूर्वसंमतीविना घेता येत नाही. तसेच तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना, अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ही चौकशी करणेच उचित, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शब्दांचा परिणाम खंबीर व विवेकी मनाच्या माणसाच्या दृष्टीने मोजावा, पावलोपावली धोका पाहणाऱ्याच्या नव्हे, हेही त्या निकालात आहे.

या पायऱ्या प्रामाणिकपणे वापरल्या तर बहुतेक प्रकरणे तेथेच सुटतील. हेतू सामाजिक अन्यायाकडे बोट दाखविण्याचा आहे की शेजारच्या समाजाला डिवचण्याचा? कृती कोठे आणि कुणासमोर झाली? परवानगीच्या जागी, स्वतःची प्रत घेऊन, की प्रार्थनास्थळाच्या दारात? हिंसाचाराची भीती निषेधकर्त्यांमुळे आहे की त्यांना धमकावणाऱ्यांमुळे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘धमकावणाऱ्यांमुळे’ असे आले तर बेड्या कुणाच्या हातात पडावयास हव्यात, हे रंगराजन खटल्याने सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात धमकावणारा जमाव मोठा असतो आणि निषेध करणारे मूठभर, म्हणून मूठभरांना उचलणे सोयीचे ठरते. सोयीला कायद्याचे नाव देण्याची सवय प्रशासनाला लागली की उद्या जमाव जमविणे हाच हक्क मिळविण्याचा मार्ग ठरतो.

बंगळुरात मोर्चे व निदर्शने यांना फ्रीडम पार्क ही एकच जागा नेमून देण्यात आली आहे. शहराचे जुने मध्यवर्ती कारागृह होते तेथे हे उद्यान झाले. येलहंक्यातील रहिवाशाला निषेध करावयाचा तर पंधराएक किलोमीटर दूर जावे लागते. वाहतुकीच्या दृष्टीने या व्यवस्थेचे समर्थन करता येईल. मात्र निषेधाची जागा आखून दिल्यावर त्या जागेत तरी निषेध करणाऱ्याला संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर अधिकच येते.

नवे कायदे करून हा प्रश्न सुटणार नाही. जन्मठेपेची तरतूद आली तरी समाजकंटक थांबत नाही आणि प्रामाणिक चिकित्सक मात्र गप्प बसतो. असलेल्या कायद्यातील ‘दुष्ट हेतू’ हे शब्द गंभीरपणे वाचणे, सरकारी संमती देताना मतांचा हिशेब बाजूला ठेवणे आणि दोन्ही बाजूंच्या जमावांना एकच नियम लावणे, एवढे साधले तरी शताब्दीचे वर्ष शांततेत जाईल. नागरिकांच्या बाजूनेही एक पथ्य आहे. महाडच्या आगीचा अभिमान बाळगणाऱ्याने येलहंक्याच्या पुलावरील शाईकडे आणि कोल्हापुरात जळालेल्या ध्वजाकडे एकाच नजरेने पाहण्याचा प्रयत्न केला पाहिजे. तिन्ही कृती सारख्या नाहीत, आणि त्यांतील फरक सांगताही येतो. तो फरक आपले आणि परके यावरून न ठरविता हेतू, स्थळ आणि परिणाम यांवरून सांगता आला, तरच तो उद्या कन्नड शेजाऱ्यालाही पटेल.